काही अडचण नाही

"भोक झाकाय आणलंय व्हय, सर?" धाकूमावशीनं विचारलं.

पिसाळ सर खुर्चीवर ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर उभे होते. तोंडात दोन खिळे, हातात फ्लेक्सचं एक टोक. खिळे सांभाळत ते म्हणाले, "स्वागताचा फलक आहे, मावशी."

"सवागत दारात करत्यात. हितनं कोन येतंय? पाऊस?"

मी खालून खुर्ची धरली होती, म्हणून मला हसता येईना. पिसाळ सरांनी जागा पूर्ण विचार करून निवडली होती. वर्गाच्या पश्चिमेच्या भिंतीला छपरापासून खिडकीपर्यंत मूठ जाईल एवढी भेग होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यातून पाणी येई आणि पोरं तिला 'आपला नळ' म्हणत. त्या नळावर आता 'मा. उपसचिव साहेबांचे आमच्या शाळेत सहर्ष स्वागत' असं आठ फुटी लाल-पिवळं स्वागत चढत होतं. साहेबांचा फोटो मिळाला नव्हता, म्हणून फोटोच्या जागी गुलाबाचं फूल छापलं होतं.

पिसाळ सर आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या बारा शाळांवर देखरेख ठेवणारे. माणूस वाईट नव्हता. आलेला साहेब खूश होऊन परत गेला पाहिजे, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. मी झोरेवस्तीच्या शाळेची मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टेबल, घंटा आणि शिपाई येतो. माझ्या शाळेत एक खोली, पहिली ते पाचवीची मिळून सतरा पोरं आणि शिक्षिका म्हणून पुन्हा मीच. मी माझी स्वतःचीच वरिष्ठ होते, आणि हाताखालच्या बाईवर फारशी खूश नव्हते. धाकूमावशी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिला कसलंच पद नव्हतं, त्यामुळे तिला खरं बोलायला परवडायचं.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी सरकारच्या असं लक्षात आलं की राज्याची तिजोरी डोंगरातल्या पोरांनी रिकामी केली आहे. दहा-पंधरा पोरांसाठी एक खोली, एक शिक्षक आणि वर खिचडी, हे काही परवडत नाही. मग परिपत्रक निघालं. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करून पोरं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. खर्च वाचवायचा आहे, असं मात्र त्यात कुठंही लिहिलं नव्हतं. 'विद्यार्थ्यांना मोठ्या शाळेतील सहजीवनाचा लाभ मिळावा' म्हणून त्यांची शाळा काढून घेण्यात येत होती. हा लाभ पायथ्याच्या गावात ठेवला होता आणि मध्ये चिकणीचा ओढा होता.

नकाशावर ओढा म्हणजे एक निळी रेघ. रेघ ओलांडायला कितीसा वेळ लागतो? खरा ओढा जुलैपासून पुरुषभर उंचीनं वाहायचा आणि त्यावर पूल नव्हता. आदल्या पावसाळ्यात बिरू झोऱ्याची म्हैस त्यात वाहून गेली, ती चार दिवसांनी धरणाच्या कडेला सापडली. बिरूभाऊ शाळा समितीचे अध्यक्ष. शेळ्या राखणारा, कमी बोलणारा, सहीच्या जागी अंगठा देणारा माणूस. त्यांची मुलगी ठकू माझ्याकडे तिसरीत होती. परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी शाळा ग्येली तर ठकूची शाळा ग्येली. मी पोरगी वड्याच्या पल्याड धाडनार न्हाय, बाई. शेळ्या हायतच की तिला."

यात धमकी नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

मग निवेदनं झाली. आमच्याकडे निवेदन देताना फोटो काढतात, तो पेपरात येतो आणि तिथं निवेदनाचं काम संपतं. बिरूभाऊंचे असे चार फोटो झाले. चौथ्या फोटोनंतर वस्तीनं ठरवलं की आता शाळाच उचलून जिल्हा परिषदेत न्यायची. सतरा पोरं, पाट्या, बसकरं आणि खिचडीचं पातेलं घेऊन वस्ती जिल्ह्याच्या गावी गेली आणि तिथल्या व्हरांड्यात शाळा भरली. शिपाई म्हणाला, "इथं आवाज करू नका." पोरांनी पाढे म्हणायला सुरुवात केली. डोंगरातल्या पोरांना हळू बोलायची सवय नसते, त्यांना एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर बोलायचं असतं. बेपासून सुरू झालेले पाढे दुपारी एकोणतिसापर्यंत आले तेव्हा वरच्या मजल्यावरची बैठक मोडली. यांना काय हवंय ते लिहून घ्या, पण तिसाचा पाढा नको, असा निरोप खाली आला.

मी त्या आंदोलनात नव्हते. सरकारी नोकराला आंदोलन करता येत नाही. मी त्या दिवशी नैमित्तिक रजेवर होते आणि योगायोगानं त्याच व्हरांड्यात खांबामागे उभी होते. सत्तावीसच्या पाढ्याला पोरं अडखळली तेव्हा 'सत्तावीस सत्ते एकशे एकोणनव्वद' असं खांबामागून कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, ते मला माहीत नाही.

तर त्या पाढ्यांचं फळ म्हणून मंत्रालयातले एक उपसचिव दौऱ्यावर असताना आमची शाळा डोळ्यांनी पाहायला यायचे होते. अडचण खरी असेल तर शाळा यादीतून वगळायचा अधिकार त्यांना होता. आणि दौरा होता एप्रिलमध्ये, ओढ्यात मुंगीच्या पायालाही पाणी लागणार नाही अशा दिवसांत.

"पोरांची तयारी झालीय ना, मॅडम?" पिसाळ सरांनी खाली उतरत विचारलं. "अडचणीचं विचारतील."

"झालीय."

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या खात्यात कोणताही साहेब शाळेत आला की पोरांना एक प्रश्न हमखास विचारतो, 'शाळेत काही अडचण आहे का?' त्याचं उत्तर एकच असतं, आणि ते पहिलीच्या पोराला बाराखडीच्या आधी शिकवायचं असतं. 'नाही साहेब, काही अडचण नाही.' सगळ्यांनी मिळून, एका सुरात. मलाही हे आधी माहीत नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका गावात, एका पोरानं साहेबांना सांगितलं की खिचडीत अळ्या असतात. अळ्या होत्याच. आठ दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली, आपल्या शाळेत अडचण असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपणांवर कारवाई का करू नये? धान्य सरकारनं पाठवलं होतं, अळ्या धान्याबरोबर आल्या होत्या आणि खुलासा मी करायचा होता. तेव्हापासून माझ्या शाळेत अडचण म्हणून राहिली नाही. मी जिथं गेले तिथल्या पोरांना मी आधी ते उत्तर शिकवलं आणि मग कमळातला क.

पिसाळ सरांनी आणखी वस्तू आणल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या एका शाळेतला टीव्ही, कोणाच्या तरी अंगणातल्या सहा कुंड्या, हात धुवायचं साबण ठेवलेलं स्टँड. वस्तीवर वीज दिवसातून चार तास असायची, तेव्हा टीव्ही नुसताच मांडायचा होता. सगळं जागच्या जागी लावून, 'साहेबांसमोर गर्दी नको, वर्गात मी आणि तुम्हीच' असं बजावून ते निघून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर धाकूमावशी म्हणाली, "बाई, आता ती पोपटपंची बास. सायेब अडचन ऐकाय येतोय आन पोरं म्हननार न्हाय. मंग शाळा बंद न्हाय करायची तर काय करायचं त्यानं?"

"तेच म्हणतेय मी. आज नवं उत्तर शिकवू."

"आन ह्ये?" तिनं फ्लेक्सकडे हात केला. "काढा की त्ये. बघू द्या भोक."

"पिसाळ सर चिडतील, मावशी. राहू द्या. मी तोंडानं सांगते ना उद्या सगळं."

बिरूभाऊ दारात बसले होते. त्यांनी मान वर केली. "सांगाल न्हवं?"

"सांगेन."

"मंग हुईल काम," ते म्हणाले आणि उठून शेळ्यांकडे गेले.

त्या दुपारी मी नऊ वर्षांत शिकवलेलं एक वाक्य पोरांच्या डोक्यातून काढायला बसले. तीन पोरांना तीन अडचणी वाटून दिल्या. भिंतीची अडचण धनाजीला, पाच वर्गांना एकच बाई ही अडचण पाचवीतल्या राजूला आणि ओढा ठकूला. विचारलं की बोट वर करायचं, मी नाव घेतलं की उभं राहून सांगायचं. धनाजीनं आणि राजूनं मी दिलेली वाक्यं घोकली. ठकूनं स्वतःचंच तयार केलं.

"सायेब, वड्यात आमची म्हस ग्येली. मी तिच्यापरीस ल्हान हाय."

मी ते शुद्ध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दोन वाक्यांत आमची चारही निवेदनं बसत होती.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, म्हणजे मी लपवली असं कोणी म्हणायला नको. माझं घर तालुक्याच्या गावी होतं. पहाटेची एस.टी., पुढं चार किलोमीटर चढ, संध्याकाळी तेवढाच उतार, असं नऊ वर्षं चाललं होतं. माझी मुलगी माझ्यापेक्षा शेजारच्या काकूंकडे जास्त वाढली. दर मे महिन्यात मी बदलीचा अर्ज करत असे आणि दर जूनमध्ये तो नामंजूर होऊन येत असे. हा माझा आणि प्रशासनाचा वार्षिक सण होता. अर्जात मी दरवर्षी एकच शाळा मागत असे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवरची. शाळा बंद झाली की शिक्षकाला दुसरीकडे नेमतात, हा नियम मला ठाऊक होता. पण त्या दुपारी तो माझ्या मनात नव्हता. निदान मला तसं आठवतं.

दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर आले, तिथूनच पिसाळ सरांचा गोंधळ सुरू झाला. साहेबांनी वेळेवर यायचं नसतं. गाडी ओढ्यापाशी थांबवून ते चालत वर आले. पस्तिशीचा, सडपातळ, घामाघूम झालेला माणूस. शाल, नारळ 'नंतर बघू' म्हणाले. दारात त्यांनी बूट काढले. पिसाळ सर "असू द्या, असू द्या साहेब" म्हणेपर्यंत ते आत येऊन पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसलेसुद्धा. साहेबच खाली बसल्यावर खुर्चीचं काय करायचं ते पिसाळ सरांना कळेना. शेवटी तेही खाली टेकले, आणि त्यांची पँट कुठंतरी उसवल्याचा स्पष्ट आवाज आला.

वर्गात आम्ही तिघं आणि सतरा पोरं. वस्ती बिरोबाच्या देवळापाशी सत्काराची तयारी करत होती. धाकूमावशी मागच्या शेडमध्ये चुलीपाशी होती, तिला साहेबांसाठी शिरा करायला सांगितला होता.

साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली. फ्लेक्स, टीव्ही, कुंड्या. "शाळा सुंदर ठेवलीय हो तुम्ही. मला वाटलं होतं, पडायला आली असेल."

"सगळं लोकसहभागातून, साहेब," पिसाळ सर म्हणाले. "शासनावर एका पैशाचा भार नाही."

साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. मग ठकूच्या हातात पुस्तक देऊन तिला वाचायला सांगितलं. ठकूनं पान न अडखळता वाचलं, स्वल्पविरामाला थांबून. साहेबांनी दुसरं पान काढून दिलं, तेही वाचलं. "तिसरीत ना तू?" ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. ते कौतुकाचं हसू होतं आणि मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. नऊ वर्षांत तिथवर चढून येऊन माझ्याकडे पाहून हसलेला तो पहिला साहेब.

"बरं मुलांनो," ते म्हणाले, "शाळेत काही अडचण आहे का?"

"नाही साहेब, काही अडचण नाही."

एका सुरात. कालच्या दुपारच्या मेहनतीचा मागमूसही नाही. धनाजीही म्हणाला, राजूही म्हणाला आणि म्हणून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. धनाजीनं जीभ चावली. मी इतकं चांगलं शिकवलं होतं की ते माझ्याकडूनही पुसलं गेलं नाही.

आवाज सोळा जणांचाच होता. सतरावी ठकू, तिसऱ्या रांगेत, बोट वर करून बसली होती.

साहेब मोठ्यानं हसले. "सगळीकडे असंच म्हणतात. पाठ करून घेता ना, बाई?" त्यांनी डायरीचं नवं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी अडचण ऐकायलाच आलोय. ओढा मी आत्ता पाहिला, कोरडा आहे. पावसाळ्यात काय होतं, ते मला दिसणार नाही, कोणीतरी सांगायला हवं. पोरांचं मी लिहू शकत नाही, गावकऱ्यांचं निवेदन फाइलला आहेच, त्याला कोणी विचारत नाही. मुख्याध्यापकाचं म्हणणं मात्र मला जसंच्या तसं लिहिता येतं. एक अडचण सांगा. एका अडचणीवर मी ही शाळा यादीतून काढतो."

सरळ, सभ्य माणूस होता. पेन कागदावर टेकवून वाट पाहत होता. पिसाळ सर हळूच खाकरले. ते नुसतंच खाकरणं असेल, त्यांना धुळीचा त्रास होता. पण ते खाकरणं मी अठरा वर्षं ऐकत आले होते, वेगवेगळ्या केंद्रप्रमुखांच्या घशातून, आणि त्यावर माझ्या तोंडातून जे यायचं तेच आलं.

"नाही साहेब, काही अडचण नाही."

साहेबांनी चमकून वर पाहिलं.

"बाई," ठकू म्हणाली. तिचं बोट वरच होतं. मी नाव घेतलं नव्हतं, म्हणून ती उभी राहिली नव्हती. "बाई, माजं ऱ्हायलंय."

"हाताची घडी, तोंडावर बोट," मी म्हणाले.

सतराच्या सतरा पोरांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. ठकूचं वर केलेलं बोट खाली आलं आणि ओठांवर बसलं. ती माझ्याकडे बघत होती.

"नक्की, बाई?" साहेबांनी विचारलं. पेन अजून टेकलेलंच होतं. "पुन्हा विचार करा. घाई नाही मला."

मागे शेडमध्ये मावशी शिरा हलवत होती, त्या उलथन्याचा आवाज येत होता. मला वेळ होता. माणसाला एका आयुष्यात एवढा वेळ फार वेळा मिळत नाही.

"हो साहेब," मी म्हणाले. "नक्की."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि टोपण लावलं.

बाहेर आल्यावर बिरूभाऊंनी मला बाजूला गाठलं. "सांगितलं न्हवं, बाई?"

"सांगितलं."

देवळापाशी वस्तीनं साहेबांच्या खांद्यावर नवीकोरी काळी घोंगडी घातली. एप्रिलच्या उन्हात, भर दुपारी. ती घेऊन साहेब बिचारे शेवटपर्यंत उभे राहिले. बिरूभाऊंनी हात जोडून एवढंच म्हटलं, "वड्याचं त्येवढं ध्यानात ठेवा, सायेब."

"बाईंशी माझं सविस्तर बोलणं झालंय," साहेब म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घोंगडीकडे पाहिलं.

बिरूभाऊंचं समाधान झालं. बाईंशी बोलणं झालंय म्हटल्यावर आणखी काय हवं. मावशीनं साहेबांना दोनदा शिरा वाढला. परत निघताना साहेबांच्या लक्षात आलं नसेल, पण त्यांच्या पाठीमागून वस्तीतली चार-पाच पोरं कोरड्या ओढ्यापर्यंत गेली आणि तिथून पाढे म्हणत परत आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. बिरूभाऊ आणि मावशी ऐकायला बसले आणि मी वाचलं. शाळा बंद करून विद्यार्थी पायथ्याच्या शाळेत वर्ग करण्यात येत आहेत. इमारत ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावी. लोकसहभागाबद्दल ग्रामस्थांचे अभिनंदन. मधलं एक वाक्य मी वाचलं नाही. 'मुख्याध्यापिकेने प्रत्यक्ष भेटीत कोणतीही अडचण नसल्याचे दोन वेळा नमूद केले असल्याने' असं ते वाक्य होतं. त्या माणसानं जसंच्या तसं लिहिलं होतं, त्यानं शब्द पाळला.

मावशी म्हणाली, "घोंगडी माघारी घ्या त्याच्याकडनं. आसला कसला सायेब, बाईनं एवढं सांगून बी."

बिरूभाऊंनी पत्र मागून घेतलं, घडी घालून टोपीत ठेवलं. "ठकूकडनं वाचून घीन एकदा," ते म्हणाले.

मी म्हणाले, "कशाला, मी वाचलं की."

"तसं न्हवं. तिला वाचाय आवडतं."

त्याच टपालानं माझी नेमणूक आली. तालुक्याच्या गावी, घरापासून दहा मिनिटं. नऊ अर्जांनी जे झालं नव्हतं ते दोन शब्दांनी झालं होतं.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती सवय होती. अठरा वर्षांची सवय, नोटिशीची भीती, पिसाळ सरांचा घसा. पहिल्यांदा 'काही अडचण नाही' म्हणाले ती सवयच होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण दुसऱ्यांदा साहेबांनी विचारलं तेव्हा मला पहाटेची एस.टी. दिसली, चढ दिसला, काकूंच्या ओट्यावर अभ्यास करत बसलेली माझी मुलगी दिसली. आणि ठकूकडे न बघता मी 'नक्की' म्हणाले. ती सवय नव्हती. सरकारला कशाला नावं ठेवू? सरकारला शाळा बंद करायला एक माणूस लागत होता आणि तो सरकारला शाळेतच मिळाला.

माझा निरोप वस्तीनं देवळापाशीच केला. मलाही घोंगडी दिली, साहेबांच्या घोंगडीहून चांगली, दुहेरी विणीची. पाऊस सुरू झाला होता आणि खाली ओढ्याचा आवाज येत होता, त्यामुळे बोलणाऱ्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं. बिरूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा भाषणाला उभे राहिले.

"बाई आमच्यासाटी लई भांडल्या," ते म्हणाले. "मोठ्या सायबापुढं बसून सगळं सांगितलं. ठकूनं पत्र वाचून दावलंय मला. त्यानं न्हाय ऐकलं, त्यो त्याचा दोष. बाईंचा दोष न्हाय."

मावशीनं डोळ्याला पदर लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घोंगडीत तोंड लपवता येईल का ते बघत होते.

पोरं समोरच बसली होती. निरोप म्हणजे सुट्टी असं समजून सोळा पोरं एकमेकांना ढोसत होती, चिखल उडवत होती. ठकू कडेला ताठ बसली होती. तिनं हाताची घडी घातली होती आणि तोंडावर बोट ठेवलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. भाषण झालं, नारळ झाला, साखर वाटली. साखर घ्यायलाही तिनं ते बोट काढलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, वर्गात बघितलं होतं तशीच.

"काय शिस्तीची पोरगी," कोणीतरी म्हणालं.

मला तिला सांगायचं होतं की बोट काढ. दोन शब्द होते. बिरूभाऊ माझ्याजवळ आले, त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला.

"बगा बाई," ते म्हणाले, "तुमी लावल्याली शिस्त. शाळा ग्येली तरी ऱ्हायली."